आबांचं भिंग

"तुमचं भिंगच रिजेक्ट आहे, आबा," असं म्हणत प्राजक्तानं नवी लेन्स खोक्यातून बाहेर काढली.

आबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कॅमेरे बदलले, पण भिंग तुझ्या बारशाआधीपासून हेच आहे. अर्ध्या सिलवासाला नोकरीला लावलंय त्यानं. गुजराती गिऱ्हाईकं म्हणतात, 'फोटो सरस आवे छे.' आणि घरची पोरगी नावं ठेवते!"

कारखान्यांच्या ओळखपत्रांचे फोटो काढून काढून आबांनी दोन्ही पोरं शिकवली होती. प्राजक्ता आता जवळच्या सायली गावातल्या एका कंपनीत माल तपासायची, आणि दोष हुडकायची सवय घरीही घेऊन यायची. आमटीसुद्धा तिच्याकडून पास व्हावी लागे.

दर पाडव्याला दिवे लागले की दारात घरच्यांचा फोटो व्हायचा. आबा कॅमेरा स्टँडवर ठेवायचे, टायमर लावायचे आणि धावत येऊन कडेला उभे राहायचे. फोटोत बाकी सगळे छान यायचे. आबांचं मात्र नाक कुठं, डोळे कुठं, पत्ता नसायचा.

"स्वस्तातलं भिंग कडेला मार खातं," प्राजक्ता म्हणाली. "मधलं बरं येतं, कडा पुसट."

"आबांच्या डोक्यावरचं तोरण तर बरं दिसतं गं," आई अल्बम चाळत म्हणाली.

"तोरणाला नाक-डोळे असतात का, आई? भिंगाची परीक्षा चेहऱ्यावर होते."

करंज्या जळतील म्हणून आई आत गेली.

तुळशीचं लग्न झालं की प्राजक्ताचं होतं. मग ती भुसावळला जाणार. बरोबर न्यायला आबांचा एक धड फोटो तिनं सगळीकडे शोधला. पण दिव्याखाली अंधार. फोटोग्राफरचा फोटो काढणार कोण? मोबाईल दिसला की आबा हात आडवा धरायचे. बापाला सोडून जायचं आणि त्याचा चेहराही जवळ नाही, या विचारानं तिला रडूच यायचं. म्हणून तर पगार साठवून तिनं ही लेन्स आणली होती.

"ही उजेड भरपूर घेते," ती म्हणाली. "जुन्यावर शटर रेंगाळतं, हिच्यावर झटकन मिटतं. पार कडेपर्यंत सगळं लख्ख."

"बघू या तुझी कंपनीची हुशारी," आबा हसले. "नवरीबाई, मध्ये उभ्या राहा."

आई आणि धाकटा निलेश तिच्या दोन बाजूंना उभे राहिले. टायमर लावून आबा धावत आले आणि दाराशी निलेशच्या पलीकडे उभे राहिले.

"हलू नका रे!" त्यांनी दर वर्षीसारखं दटावलं. "सगळ्यांनी समोर बघा!"

लाल दिवा लुकलुकला. खट् आवाज झाला.

प्राजक्तानं धावत जाऊन फोटो मोठा करून पाहिला. तोरणाचं पान न् पान मोजता येत होतं. आबांच्या सदऱ्याची इस्त्री, गालावरचे पांढरे खुंट, डोळ्याच्या कडेला साचलेलं पाणी, सगळं स्वच्छ आलं होतं. फक्त आबा समोर बघत नव्हते. मान वळवून तिच्याकडे बघत होते.

"दर पाडव्याला हेच करतात," मागून आई म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून."