अकोल्याहून आणलेली पिशवी

रक्तपेढीतल्या वर्षालीनं पिवळसर पिशवी दिव्यासमोर धरली आणि दोन बोटांनी हलकेच दाबली. सहदेवचा जीव टांगणीला लागला. वरच्या मजल्यावर त्याची लेक रागिणी डेंग्यूनं निपचित पडली होती आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

पिशवीत प्लेटलेट होत्या. अमरावतीत रागिणीच्या रक्तगटाच्या कुठंच मिळाल्या नाहीत. घरात गट जुळत होता तो एकट्या सहदेवचा. पण सकाळी याच रक्तपेढीत त्यानं खाली मान घालून सांगितलं होतं, "मले मागच्या साली कावीळ झाली होती." वर्षालीनं त्याचं नाव खोडलं आणि त्याला अकोल्याला पिटाळलं.

"पेशी चांगल्या असल्या की उजेडात चमकत फिरतात," ती म्हणाली. पिशवीत काही फिरेना. वरणाच्या पाण्यासारखं सगळं मुकाट. तिनं पुन्हा दाबली. "काका, बर्फ लावला होता का?"

अकोल्यात सहदेवला बजावलं होतं, गार करू नका आणि हलवत राहा. पण चांदूर रेल्वेच्या बाजारात उभी हयात भाजी विकलेला माणूस तो. माल गार ठेवायचा आणि हलवायचा नाही, एवढंच त्याला ठाऊक. त्यात ऑक्टोबरचं ऊन आणि तापलेली एसटी. मूर्तिजापूरला त्याचा धीर सुटला. शरबताच्या गाडीवरून बर्फ घेतला, ओल्या दुपट्ट्यात पिशवी गुंडाळली आणि कोथिंबिरीची कोवळी जुडी जपावी तशी मांडीवर धरून आणली.

"लावला होता," तो कसाबसा म्हणाला.

त्याची बायको शकुन पुढे झाली. "तारीख त उद्याची हाय ना? लावून द्या ना बाई."

"तारखेनं काय होतं? पेशी कामातून गेल्या." वर्षालीनं पिशवी बाजूला ठेवली. "आता देणारा माणूस पाहिजे. आणि लवकर."

सहदेव दाराशीच उभा राहिला. रागिणीला सलाईन लावतानाही तो असाच दाराबाहेर थांबला होता. बापाचं काळीज, असं नर्स म्हणाली होती.

त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. टेबलावरच्या ट्रेकडं बघायचं त्यानं टाळलं.

"माह्या काढा, ताई. मले कावीळ कधी झालीच नव्हती. मी सुईले भेलो होतो."