कोरड्या फरशीवर

धाकट्या भावाला नदीत उभं राहून गळ टाकायची हौस होती, म्हणून ताई त्याला भर दुपारी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन आली. मालकीणबाईंनी छातीपर्यंत येणारी रबरी विजार काढली. शेवाळावर पाय घसरू नये म्हणून तळाला खिळे बसवलेले बूटही दिले. भावाने दोन्ही चढवली.

"पाण्यात उतरलात की ही अंगाला घट्ट चिकटेल," बाई म्हणाल्या.

"आत्ताच चिकटतेय," भाऊ म्हणाला.

ताई हसली. "जरा कमी खात जा!"

पण रबर खरंच घोट्यांपाशी आवळलं होतं. मग पिंढऱ्यांवर, मग गुडघ्यांवर. फरशी कोरडी ठणठणीत होती.

"ताई, काढ गं हे," तो म्हणाला, आणि त्याचे पाय एका बाजूला ओढले गेले. त्याने काउंटरची कड पकडली. बुटांचे खिळे फरशी खरवडत दाराकडे सरकू लागले. विजार कमरेपर्यंत आवळली, तसा तो किंचाळला.

बाईंनी मोठी कात्री आणून विजार वरपासून खालपर्यंत फाडली. घाईत त्याची मांडीही चिरली. ताईने बूट हिसकून काढले. सगळं लांब फेकलं, तरी शर्टाखाली त्याची छाती आत दबतच होती. एक बरगडी कडकन मोडली.

"बाई, काहीतरी करा हो!" ताई ओरडली.

 गळ्याशी पाणी आल्यागत टाचा उंचावून, हनुवटी छताकडे करून बाई नाकाने कसाबसा श्वास घेत होत्या.