मागची सीट

चांगुणाबाईंनी पदर कमरेला खोचला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि स्कुटी चालू करून नवऱ्याला म्हणाल्या, "बसा."

बन्सीभाऊ फाटकाशीच उभे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहरा एरंडेल पाजल्यासारखा. सगळी हयात एसटीचं स्टेअरिंग धरलेला माणूस. अकोल्याची मुक्कामी गाडी भर धुक्यात नेली आणि आणली, कुणाला खरचटू दिलं नाही. पण रिटायर झाल्यावर काचबिंदूनं गाठलं. समोरचं दिसायचं, बाजूनं येणारं दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद केली ती केलीच. मग चांगुणाबाईंनी काय करावं? सासरी गेलेल्या लेकीची, धनश्रीची, स्कुटी धुऊन काढली, शेजारच्या निकिताला हाताशी धरून मैदानावर चालवायला शिकल्या आणि लायसन काढून मोकळ्या झाल्या. बाजारहाट त्यांचा आता गाडीवरच. बन्सीभाऊ मात्र अजून एकदाही मागं बसले नव्हते.

"रिक्षा बोलव," ते म्हणाले.

"रिक्षात कुनाच्या मागं बसता?"

"रिक्षावाल्याच्या."

"त्यो तुमचा कोन लागतो? त्याच्या मागं चालतंय, आन् माझ्या मागं बसायची लाज वाटती व्हय?"

लाज वाटत होतीच. घरापुढं नाही वाटली तरी डेपोत वाटणार होती. त्यांच्या गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर असलेला गोरक्षनाथ आज रिटायर होत होता. सत्काराला सगळे जुने ड्रायव्हर जमणार. त्यांच्यासमोर बायकोच्या मागं बसून जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. आणि न जावं, तर गोरक्षनाथानं आधीच निरोप धाडला होता, बन्सीभाऊ आल्याशिवाय मी गळ्यात हार घालून घेणार नाही.

"बरं, बसतो," शेवटी ते म्हणाले. "पर डेपोच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरव. तिथून मी चालत जाईन."

"उतरवते," चांगुणाबाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, बसा तर खरं.

केडगावची गल्ली संपली आणि पुणे रोडला लागायचं वळण आलं. मागून बन्सीभाऊंचा आवाज कडाडला, "बाहेरून घे, बाहेरून घे!"

नवऱ्याचं ऐकायची सवय जन्माची. चांगुणाबाईंनी स्कुटी अशी काही बाहेर काढली, की निम्मा रस्ता ओलांडून त्या पार पलीकडं गेल्या. मागच्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, एसटी वळवताय काय?"

चांगुणाबाईंनी गाडी कडेला घेतली, पाय टेकवले. मग मान वळवली.

"अहो, हिच्या मागं पन्नास शिटा न्हाईत. एकच हाय, ती तुमी. ती गप बसली तर नीट पोचंल."

बन्सीभाऊंनी टेम्पो गेला त्या दिशेला पाहिलं आणि सीटमागची दांडी घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चुकीनं गाडी वाकडी गेली होती, आणि तीही त्यांच्या हातात नसताना.

पुढं मार्केट यार्डापाशी कांद्याच्या गाड्यांची ही रांग. चांगुणाबाईंनी दोन ट्रकांमधून स्कुटी अलगद काढली. मागून शब्द आला नाही. माळीवाड्याच्या चौकात एक रिक्षा आडवी घुसली, त्यांनी तिला सरळ जाऊ दिलं आणि आपली वाट धरली. तरी शब्द नाही. रागावलाय म्हातारा, त्यांना वाटलं. रागावू दे. गाडी छान चालली होती, आणि ती आपण चालवतोय, याचं त्यांना मनातून फार बरं वाटत होतं.

डेपोच्या अलीकडचा कोपरा आला. कबूल केल्याप्रमाणे त्यांनी गाडी थांबवली.

"उतरा. आला तुमचा कोपरा."

मागं हालचाल नाही.

"अहो, कोपरा आला."

"डेपो पुढं हाय," बन्सीभाऊ म्हणाले. "मधी कशाला थांबली?"

चांगुणाबाईंनी स्कुटी थेट गेटातून आत नेली.

पिंपळाखाली सगळी टोळी उभीच होती. मधोमध नव्या शर्टातला गोरक्षनाथ. बजरंग ड्रायव्हर पहिल्यापासूनच तोंडाळ, तो कशाला सोडतोय?

"काय बन्सीभाऊ, क्लीनर झालात व्हय?"

सगळे हसले. चांगुणाबाईंनी हँडल घट्ट धरलं. आता हा माणूस उतरून तडक निघून जाणार, आणि पुन्हा जन्मात आपल्या मागं बसणार नाही, असं त्यांना वाटून गेलं.

बन्सीभाऊ सावकाश उतरले. शर्ट खाली ओढून नीट केला.

"क्लीनर न्हाई रं, पॅसेंजर," ते म्हणाले. "आपल्या मागं लोकं घोरायची, आठवतंय? मला लई राग यायचा. आपन इथं डोळे फोडायचे, आन् ह्यांना झोप बरी लागती. आज कळलं कशी लागती ती. मार्केट यार्डापासून माझा बी डोळा लागला व्हता."

हसणं थांबलं. बजरंग चांगुणाबाईंकडं बघतच राहिला. "वहिनी, या की सावलीत," म्हणत गोरक्षनाथ पुढं झाला.

चांगुणाबाईंनी गाडी स्टँडवर लावली. आरशात त्यांना वाटभर नवऱ्याचे डोळे दिसत होते, टक्क उघडे. आणि गेटातून आत येईपर्यंत त्यांचा उजवा पाय फुटरेस्टवर ब्रेक दाबताना जाणवत होता.

"व्हय," त्या हेल्मेट काढत म्हणाल्या, "चांगले घोरत व्हते."