मुहूर्ताचा कागद

पंचवटीतल्या गुरुजींनी बाळाच्या राजयोगाची वेळ कागदावर लिहून दिली होती: अकरा बेचाळीस. सिझर त्याच वेळेचं ठरलं आणि कुंकू लावलेला तो कागद सासूबाईंनी चैतालीच्या उशाखाली सरकवला. पण कळा पहाटेच सुरू झाल्या. "जोर लावू नकोस गं, अजून वेळ आहे!" सासूबाई बजावत राहिल्या, जणू चैताली एसटी अडवून धरणार होती. साडेआठलाच मुलगी झाली, सिझरशिवाय. चैतालीला खोलीत आणल्यावर सासरे नातीकडे न बघताच फाइल लिहिणाऱ्या नर्सकडे गेले. "सिस्टर, तेवढी वेळ अकरा बेचाळीस टाका की. कुणाला कळतंय?" नर्सचं पेन थबकलं. तेवढ्यात बाळाने पहिली काळी, चिकट शी केली. चैतालीने ती कापसाने पुसली, कापूस उशाखालच्या कागदात नीट गुंडाळला आणि पुडी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या अण्णा, नातीची पत्रिका. गुरुजींना दाखवून या."