दादाच्या जीपचं जुनं इंजिन

दादाची जीप पेट्रोल प्यायची नाही, ढोसायची. तो होता तोवर तिला नावं ठेवायची सोय नव्हती. तो गेला आणि मला पेट्रोल परवडेना, म्हणून मी स्वतःच खटपट करून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात एका टायरवर ठेवून दिलं. त्यात ना तेल, ना वायरी.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी भंगारवाला आला. त्याने इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काय राव, आत्ता बंद केलंत का? चांगलं तापलंय की!"

मी हसलो. मग मीही हात लावला. दादा लांबून आला की बॉनेट तापलेलं असायचं, तसंच.

आई दारात येऊन उभी होती.

"रोज तापतं," ती म्हणाली. "त्याच्या यायच्या वेळेला. देऊ नकोस रे."

"आई, दादा नाहीये गं आता."

"मग गरम कसं? आत्ताच आलाय तो. हाक मार बघू."

भंगारवाला निघून गेला.

मी तोंड उघडलं. इतक्या दिवसांत दादाला एकदा हाक मारावी असं किती वाटलं होतं. पण नाही मारली.

कोपऱ्यातून त्याने ओ दिली असती तर?