पचमढीचं पांढरं फूल

गीतांजलीनं पाठवलेला शेवटचा फोटो पांढऱ्या फुलांचा होता. रागिणीनं मोबाइल पाण्याच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि कागदावर पेन्सिलीनं हलकी फांदी काढायला घेतली.

दोघी मैत्रिणींचं हे ठरलेलंच होतं. गीतांजलीनं हिंडायचं, फुलांचे फोटो पाठवायचे; रागिणीनं मोर्शीच्या घरात बसून ती जलरंगात काढायची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रागिणीचे गुडघे तिला एसटीची पायरी चढू देत नव्हते. पण उटीची, सिक्कीमची फुलं तिच्या भिंतीवर होती. चित्र झालं की ती त्याचा फोटो गीतांजलीला पुण्याला पाठवायची. त्यावर तिचा अंगठा यायचा.

या वेळी पचमढी होती. जांभळी झाली, पिवळी झाली, आता ही पांढरी. फूल संत्र्याचं आहे, हे तिला पाहताक्षणीच कळलं होतं. तिकडेही असतील संत्र्याची झाडं, असं म्हणून ती कामाला लागली होती.

शेजारची जमुना वाटीत तुरीच्या दाण्यांची भाजी घेऊन आली आणि वाकून बघायला लागली.

"देवमनच्या मळ्यातलं झाड काढून राहिल्या का, बाई?"

"नाही गं. पचमढीचं आहे. मैत्रिणीनं पाठवलं."

जमुनानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "काईच्या काई! हे मागं विहिरीवरचं मोटारघर पाहा ना. देवमननं पोराचं नाव लिवलं हाय त्याच्यावर."

फांदीआडून पिवळ्या ऑइलपेंटमधलं 'ललि' एवढं दिसत होतं.

"काल दुपारीच पांढरी गाडी थांबली होती तिथं. बाया उतरल्या, फोटो काढले, हासल्या-खिदळल्या, अन् गेल्या अमरावतीकडे. मले वाटलं, तुमच्याच घरी येऊन राहिल्या."

 देवमनचा मळा रस्त्याच्या वळणावरच होता. गाडीनं तिथून घर म्हणजे चहा निवायच्या आत. काल दुपारी ती याच खुर्चीत बसून पिवळी फुलं संपवत होती. दार उघडं होतं.

जमुना गेल्यावर गीतांजलीचा फोन आला.

"मिळाले का गं फोटो? ते पांढरं आधी काढ. वास काय होता म्हणून सांगू!"

"कुठं सापडलं हे?" रागिणीनं विचारलं.



"तिथंच, पचमढीला. एका बंगल्याच्या आवारात."

बाहेर सगळीकडे संत्र्यांनी बहर धरला होता. खिडकीतून सकाळपासून तोच वास घरभर येत होता. देवमनचं नाव रागिणीच्या ओठांवर आलं. पण या एका नंबराशिवाय तिला हल्ली कुणाचाच फोन येत नसे. तिनं ब्रश पाण्यात खळबळला आणि फडक्याला पुसला.

"एकदा तू चलच माझ्याबरोबर," गीतांजली घाईघाईनं म्हणाली. "अशी झाडं तू प्रत्यक्ष पाहायला हवीस, रागिणी."

"हो गं," रागिणी म्हणाली. "एकदा पाहायचीच आहेत."