गिऱ्हाइकाची खुर्ची

"तिकडे काय बघताय सारखं? माप मी घेतेय ना, मग इकडे बघा," आई रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

थोरलीने मशीन थांबवलं. भर दुपार होती. शिलाईच्या खोलीत त्या दोघी मायलेकींशिवाय कुणी नव्हतं. खुर्ची आरशाशेजारी होती, गिऱ्हाइकांनी टेकायची. आई कॉटवर उशीला टेकून बसली होती आणि गळ्यातली टेप ताणून हवेतच खांदे मोजत होती.

"रुंद आहेत हो खांदे. कापड जास्त लागेल," ती म्हणाली.

आई एके काळची नावाजलेली शिंपीण. कापायचं तिने, शिवायचं तिने आणि शाबासकीही तिनेच घ्यायची. मागच्या बाजूला बसून काजं-बटणं करायची ती थोरलीने. थोरलीचं लग्नाचं वय त्या काजांमध्येच निघून गेलं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आता आईची स्मृती गेली होती. तीही कशी गेली बघा. परदेशातला धाकटा कधीमधी फोन करायचा, तर "माझं बाळ ते" म्हणून आई खुलायची. रात्रंदिवस तिचं सगळं काढणाऱ्या थोरलीला मात्र विचारायची, "बाई, तू काजं-बटणं करायला लागलीस ना आमच्याकडे? तुला घरी कोण कोण आहे?" चुकून आई म्हणून हाक मारली, तर बिथरायची. शेवटी थोरलीने ती हाकही सोडली.

पहिल्यांदा तिला हसू आलं. मग रडू आलं. मग ती गप्प राहायला शिकली. पण एका दुपारी अगदीच सहन होईना, तेव्हा तिने मशीन भरधाव सोडलं आणि त्या खडखडाटात पुटपुटली, "देवा, मीही कुणाची तरी लेक आहे, एवढं एकदा हिच्या तोंडून ऐकू दे. मग काय ते कर." तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून 'ते' खुर्चीत येऊन बसू लागले.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचे खेळ आहेत, मनावर घेऊ नका. शेजारच्या काकूंनी मात्र आवाज खाली आणला. "असं कुणी दिसायला लागलं ना, की ते रिकाम्या हाताने परत जात नाही गं. कुणाला तरी घेऊनच जातं." एवढं सांगून त्या चहाला न थांबता गेल्या. एरवी चहाला नाही म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

थोरलीला वाटलं, बाबाच असणार. तिने भिंतीवरचा फोटो काढून आईपुढे धरला. "हे येतात का?"

आई लाजली. "हे तर आमचे हे. यांना मी ओळखणार नाही होय? ते वेगळे आहेत."

फोटो परत लावून थोरली पाणी आणायला आत गेली. आली तेव्हा आई दाराकडे बघत होती.

"तू आत गेलीस की तेही उठतात," आई सहज म्हणाली. "तुझ्या मागोमाग जातात. तू आलीस की येऊन बसतात. मी मघापासून माप घेतेय, पण यांची नजर म्हणून तुझ्यावरून हलत नाही."

थोरलीने खुर्चीकडे पाहिलं. सकाळी झटकून ठेवलेली गादी मधोमध दबलेली होती.

म्हणजे आईला न्यायला कुणी आलेलं नव्हतं. जो कुणी आला होता, तो तिच्यासाठी आला होता. ती घाबरली. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीतही तिला जरासं बरं वाटलं. आजवर खास तिच्यासाठी म्हणून या घराची पायरी कुणी चढलं नव्हतं. यम का असेना, आला तो तिचा पत्ता काढत आला होता. आणि लगेच तिला स्वतःचीच कीव आली. इतकी का मी उपाशी आहे, की मरण दारात आलं तरी हुरळून जावं? मी गेले तर हिच्या तोंडात घास कोण घालणार?

तिने स्टूल ओढलं आणि खुर्चीसमोर बसली.

"मालकीणबाई," ती स्वतःच्या आईला म्हणाली, "त्यांना विचारा ना, माझ्याकडे काय काम आहे."

आईने विचारलं. मग मान कलती करून ऐकत राहिली, अवघड गिऱ्हाइकाचं ऐकायची तशी. खुर्ची बारीकशी करकरली. थोरलीने मुठीत पदर घट्ट धरला.

"काम काही नाही म्हणतात," आई म्हणाली. "मशीन चालू असताना तू काहीतरी बोललीस म्हणे. ते ऐकलं, म्हणून आले."

थोरलीने वळून मशीनकडे पाहिलं. आईच्या कपाळाला मात्र आठी पडली होती. आपल्या दुकानात येऊन कुणी आपल्यालाच शिकवावं, हे तिला कधी खपलं नव्हतं.

"मी सांगितलं त्यांना, अहो, तुमची काहीतरी चूक होतेय. ही आमची काजं-बटणं करणारी बाई," आई टेप गुंडाळत म्हणाली. "तर हसले. म्हणतात, बाई नव्हे, माझी लेक आहे ती."